मातीनं धुतलेले हात

आमच्या घरात कुणाला राग येत नसे, कुणाला कंटाळा येत नसे आणि गणितात कमी मार्कही कुणाला स्वतःच्या अकलेनं पडत नसत. आमच्या घरात सगळ्यांना जंत होत. झोपेत दात खाल्ले, जंत. उशीवर लाळ गळाली, जंत. नाकात बोट गेलं, जंत. एकदा जेवताना मी म्हटलं, मला सायकल शिकायची आहे, तर आत्यानं ताटावरची मान वर न करता आईला सांगितलं, "हिच्या पोटात वळवळ सुरू झालीय बग. उद्या एरंडेल दे." मी तेव्हा नववीत होते. पोटात काय वळवळतंय आणि डोक्यात काय वळवळतंय यातला फरक कळण्याइतकी मोठी होते. पण एरंडेलाची वाटी पुढं आली की सायकलच काय, कशाचीच इच्छा उरत नसे, आणि आत्याला वाटे की औषध लागू पडलं. आज पन्नाशी उलटून गेली तरी कुणी तेलकट वाटी पुढं सरकवली की मी आपोआप खुर्ची मागं सरकवते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती घाटनांदूरला आमच्याकडं परत आली, ती कायमचीच. बाजाराच्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान होतं, त्याच्या मागं घर, आणि घराच्या मागं परस. दुकानात वडिलांचं, म्हणजे दादांचं चालायचं, घरात आत्याचं चालायचं आणि आईचं कुठंच चालायचं नाही. परळीकडनं येणारी पहाटेची गाडी शिट्टी मारायची त्याच्या आधी आत्याची अंघोळ झालेली असायची. मग कपाळभर विभूती, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि ती आटोपेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. अंघोळ न करता कुणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला तर ती अख्खी गल्ली ऐकेल असं बोलायची. मांसमच्छीचं नावही घरात काढायचं नाही. माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात अंड्याचं चित्र होतं, ते पुस्तक ती देवघराच्या बाजूनं नेऊ द्यायची नाही. तिला मूल नव्हतं. माझी धाकटी बहीण नंदा जन्मली तशी आत्यानं ती आईच्या मांडीवरनं उचलली आणि मग खाली ठेवलीच नाही. सहा वर्षांची झाली तरी नंदा आत्याच्याच हातचं जेवायची. भाकरी दुधात कुस्करून, बोटांनी मऊसूत करून आत्या तिला एकेक घास भरवायची, आणि आई पलीकडं बसून मुकाट्यानं शेंगदाणे कुटायची.

जंतांवरचा आत्याचा उपाय ठरलेला होता. संध्याकाळी गुळाचा मोठा खडा खायला द्यायचा आणि वर पाणी प्यायचं नाही. "गुळाच्या वासानं समदे येका जागी गोळा होतात," ती समजावून सांगायची, जणू स्वतः आत जाऊन बघून आली होती. "आ वासून बसतात. मंग सकाळी वरनं वावडिंग आन् एरंडेल. येकबी सुटत न्हाई." म्हणजे गोड खाल्ल्यानं जंत होतात म्हणून वर्षभर गुळाच्या ढेपेकडं बघायचीही चोरी, आणि जंत झाले की पहिलं औषध गूळ! यातली विसंगती मी बोलून दाखवली तर तेही जंतांचंच लक्षण ठरायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही टमरेल घेऊन परत आलो की ओसरीवरून तिचा खडा आवाज यायचा, "पडले का गं?" शेजारची तेलीण थांबून उत्तर ऐकायची. वयात येऊ घातलेल्या मुलीला भर गल्लीत विचारावा असा हा प्रश्न आहे का? मी दात ओठ खाऊन आत जायचे. जंत पडायचे, हे मात्र खरं. पांढरट गुलाबी, गांडुळासारखे. पण दोन-तीन महिन्यांत नंदाचं पोट पुन्हा टम्म, हातपाय काड्या, मधेच कोरडा खोकला, आणि रात्रभर दातांची करकर.

आता त्या मातीबद्दल सांगते. बाहेरून, म्हणजे शेतवाटेच्या पांदीत टमरेल घेऊन जाऊन आलं की मातीनं हात घासल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, हा आत्याचा कायदा होता. परसदाराशी एक फुटकं घमेलं मातीनं भरून ठेवलेलं असायचं. ओल्या हातावर माती घ्यायची आणि आत्या बास म्हणेपर्यंत चोळायची. पूर्वी तिथं चुलीची राख असायची. मग दादांनी अंबाजोगाईहून गॅसची शेगडी आणली. गल्लीत आमच्याकडंच पहिल्यांदा आली, बायका बघायला आल्या, आत्यानं शेगडीला हळदकुंकू वाहिलं. चूल गेली, धूर गेला आणि राखही संपली. भांड्यांना दुकानातली पावडर आली, हातांना माती आली. ही माती कुठली? तर परसातली. भिंतीच्या कडेला एरंडाची झाडं होती, त्यांच्या आडोशाची. आत्याला ती फार आवडायची, कारण ती काळी, भुसभुशीत होती आणि तिच्यात खडा लागायचा नाही. का भुसभुशीत होती, हा विचार कुणी केला नाही. लहान लेकरांना पांदीपर्यंत कोण नेणार, म्हणून आमच्या घरची आणि शेजारची चिल्लीपिल्ली त्याच एरंडाच्या आडोशाला बसायची.

आणि हे सगळं चाललेलं होतं अशा घरात, जिथं पुढच्या आमच्याच दुकानात साबणाची चळत छताला टेकलेली होती! ते दिवसच तसे होते. कंपन्यांच्या गाड्या तालुक्याला न थांबता थेट घाटनांदूरला यायला लागल्या होत्या. दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या, गुलाबी, हिरवे, पिवळे साबण यायचे, टीव्हीवर बाई फेसात हसायची आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तोच साबण मागायचं. दादा अख्ख्या गावाला साबण विकायचे आणि रात्री दुकान बंद करून परसदाराशी बसून मातीनं हात घासायचे. का, तर साबणात जनावराची चरबी असते असं आत्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. दादांनी कंपनीच्या माणसाला तिच्यासमोर उभं केलं. तो बिचारा गळ्याला हात लावून म्हणाला, शंभर टक्के वनस्पती तेल आहे, मावशी. आत्या म्हणाली, "तो इकायला आलाय. तो काय चरबी हाय म्हनल व्हय?" कंपनीच्या माणसानं बिलाचं पुस्तक बॅगेत घातलं. आम्ही अंघोळीला डाळीचं पीठ लावायचो, आणि वर्गातल्या मुलींच्या हातांना साबणाचा वास यायचा तेव्हा मी माझे हात दप्तराखाली ठेवायचे.

त्या वर्षी ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणीस अजून पानाआड होतं. नंदा दोन दिवस कुरकुरत होती, पोट दुखतंय म्हणत होती. आत्यानं नेहमीचा गूळ दिला, सकाळी एरंडेल दिलं. दुपारपर्यंत नंदा पोट धरून लोळायला लागली. पोट हाताला दगडासारखं लागत होतं. तिला हिरवट उलटी झाली, आणि पुढच्या उलटीत तोंडातून एक लांबलचक जंत बाहेर आला. तो मी पाहिला. आईनं किंकाळी फोडली. आत्या मात्र म्हणाली, "बगा, पडाया लागले! औषद लागू पडतंय. आनखी येक वाटी दे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ती वाटी तिच्या हातातून हिसकावली आणि परसात फेकली. "मरतीय ती!" मी ओरडले. त्या दिवशी मला जंत झालेत असं कुणी म्हटलं नाही. दादा दुकानातून धावत आले, गावातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि काही न लिहिताच सांगितलं, इथं थांबू नका.

जीपमध्ये आई, दादा, मी आणि आत्या. नंदा आत्याच्या मांडीवर. अंबाजोगाईपर्यंत आत्या नमः शिवाय पुटपुटत होती आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या घालत होती. सरकारी दवाखान्यात पोटाचा एक्स-रे फोटो काढला. चष्मा लावलेल्या एक डॉक्टरबाई होत्या, सकाळपासून उभ्या असाव्यात इतक्या थकलेल्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि दादांना दाखवला. "जंतांचा गोळा झालाय. आतडं बंद झालंय. वर एरंडेल कुणी दिलं?" आईनं आत्याकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "बंद आतड्याला जुलाब देऊ नये हो. आता तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सलाइन लावते, नाकातून नळी घालून पोट मोकळं करते. उद्या सकाळपर्यंत गोळा सुटला तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल." नंदाच्या नाकात नळी घालताना तिला तिघांनी धरलं. तिचा तो आवाज मला अजून आठवतो. आत्या खाटेच्या दांडीला धरून उभी होती. थोड्या वेळानं तिनं डॉक्टरबाईंचा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "बाई, लेकरू सकाळपासनं उपाशी हाय. निदान गुळाचा खडा तरी चोखू द्या." बाईंनी कपाळाला हात लावला. माझ्याही मनात तेच होतं. इतकं सगळं होऊनसुद्धा गूळच!

ती रात्र आम्ही वॉर्डाच्या व्हरांड्यात काढली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नंदा वाचते की नाही, एवढा एकच विचार होता. सकाळी बाईंनी पोट दाबून पाहिलं तर ते मऊ लागलं. दुपारी पोटातून गुडगुड ऐकू यायला लागली, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. ऑपरेशन टळलं होतं. आई खाली बसून रडली. पुढं दोन दिवसांनी जंतांचं औषध दिलं आणि मग जे पडलं ते मोजायची कुणाची छाती झाली नाही.

घरी सोडायच्या दिवशी बाईंनी आम्हाला, मांडीवरच्या नंदासकट, समोर बसवलं. जंत गोड खाल्ल्यानं होत नाहीत, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं आणि मी आत्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. मग त्या सांगत गेल्या. जंतांची अंडी शौचातून मातीत पडतात, मातीत काही आठवडे तयार होतात, हातांतून, न धुतलेल्या भाजीतून तोंडात जातात. अळ्या आतड्यातून रक्तात, तिथून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात आणि गिळल्या की परत पोटात. नंदाचा तो कोरडा खोकला कुठला, ते मला तेव्हा कळलं. औषधानं पोटातले जंत मरतात, पण मातीतली अंडी वर्षानुवर्षं तशीच राहतात. "बाहेरून आल्यावर हात कशानं धुता?" बाईंनी विचारलं. आत्या ताठ बसली. आपल्या स्वच्छतेबद्दल कुणी विचारावं याची ती वाटच बघत असावी. "मातीनं! चांगलं खसाखसा घासून. आमच्या घरात तसं कुनी आत येतच न्हाई."

"माती कुठली?"

"परसातली. एरंडाखालची. लई चांगली माती हाय."

"तिथं कुणी बसतं का?"

"न्हाई हो! कुनाची टाप हाय? ल्हान लेकरं तेवढी बसतात."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला घमेलं दिसलं, त्यातले आमचे सगळ्यांचे हात दिसले, आणि दुधात भाकरी कुस्करणारी ती बोटं दिसली. मी माझे हात मांडीखाली दडवले. आत्या मात्र आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. "कावून? ल्हान लेकराचं कुनी घान मानतं व्हय?" ती म्हणाली. बाईंनी परत पहिल्यापासून समजावलं. लेकराच्या शौचातच जास्त अंडी असतात, साबण लावा, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या. त्या म्हणाल्या, "ही पोरगी परत इथं आली तर दर वेळी गोळा आपोआप सुटेल असं नाही." बाहेर आल्यावर आत्यानं दादांना एवढंच विचारलं, "ती बाई आपल्याला घान म्हनली का रे?"

घरी येऊन आम्ही गोळ्या घेतल्या. गोळी चघळायची होती आणि वर गोड होती. "जंतावर गोड औषद!" आत्या म्हणाली. मोठ्या माणसाला जंत होत नसतात असं म्हणून तिनं ती कनवटीला खोचली. दादा कधी नव्हे ते तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि तिनं गोळी चघळून गिळेपर्यंत उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पांदीतून परत आली ती थेट न्हाणीत शिरली आणि तिनं पुन्हा अंघोळ केली. पडले का गं, असं विचारायची मला अनावर इच्छा झाली होती. आईनं डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

पण माती! मी घमेलं रिकामं करून आले की संध्याकाळी ते भरलेलं असायचं. दादांनी परसदारी साबण ठेवला, तो तिसऱ्या मिनिटाला कोनाड्यात गेला. मी म्हटलं, मग राख तरी आणू, राखेनं चालेल. तर आई, जी माझ्या आठवणीत कधी आवाज चढवून बोलली नव्हती, ती आई म्हणाली, "चूल मी परत पेटवनार न्हाई. कुनाला राख पायजे त्यानं सोता फुकावं." आत्याला तोंडात मारल्यासारखं झालं. शेवटी दादांनी हात जोडले तेव्हा ती साबण लावायला तयार झाली. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी परसदाराशी पाहते तर काय, आत्यानं आधी साबण लावला, हात धुतले, आणि मग एरंडाखालची मूठभर माती घेऊन हात घासायला लागली. "आता हे काय?" मी विचारलं. "साबनाचा इटाळ काडतीय," ती म्हणाली. मी तिथंच डोकं धरून खाली बसले. दादांना जाऊन सांगितलं तर ते वजनकाट्याकडं बघत म्हणाले, "तुमचं तुमी बगा बाई." आणि गिऱ्हाईकाला साबणाची वडी बांधून दिली. आज माझ्या घरात बेसिनपाशी बाटलीतला साबण आहे, मुलं त्याचा वास घेऊन घेऊन हात धुतात, आणि तरी कुणी जेवायला बसलं की माझी नजर आधी त्याच्या नखांवर जाते. नवरा म्हणतो, तुझ्यात तुझी आत्या शिरलीय. मी त्याच्याशी मग तासभर बोलत नाही.

नंदा अजून अशक्त होती. दवाखान्यातून आल्यापासून आईच तिला पातळ पेज पाजत होती. त्या दुपारी पहिल्यांदाच तिला भाकरी द्यायची होती, आणि आत्यानं हा दिवस जणू सणासारखा धरला होता. म्हशीचं ताजं दूध मागवून तापवलं, मऊ भाकरी करायला लावली, वरचा पापुद्रा काढून टाकला. परसदाराशी साबण लावला, वर माती लावली, दोनदा पाणी घेतलं, आणि नंदाला मांडीवर घेऊन भाकरी कुस्करायला बसली. मी भांडायला तोंड उघडलं, पण आईनं माझा हात दाबला. आत्यानं घास केला आणि नंदाच्या तोंडापाशी नेला.

नंदानं तोंड फिरवलं.

"खा की माजी बाई."

नंदानं आत्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि बोटं जवळ घेऊन पाहिली. "तुज्या नखात माती हाय."

"साबन लावलाय की गं मघाशी."

"मंग माती लावलीस. मी खिडकीतनं बगितलंय." तिनं एक हात सोडवून नाकावर ठेवला. "मला नळी नको."

तिनं ओठ घट्ट मिटले. आत्यानं लाडीगोडी लावली, चिऊचा घास केला, काऊचा घास केला, मग जरा दरडावलं. नंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती तोंड उघडत नव्हती. घास आत्याच्या हातात तसाच राहिला, दूध मनगटावरून कोपराकडं ओघळलं. इतके दिवस मी, दादांनी, डॉक्टरबाईंनी आत्याला जे काही सांगितलं होतं त्यातलं एक अक्षर तिच्या कानात शिरलं नव्हतं, आणि आता तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मला तिचा राग आलेलाच होता, तो गेला नव्हता, पण त्या क्षणी माझं काळीज तुटलं.

आत्यानं घास वाटीत ठेवला. नंदाला मांडीवरून हळूच खाली बसवलं आणि परसदाराशी गेली. मी मागून तांब्या घेऊन गेले. तिनं साबण घेतला. वास येऊ नये म्हणून तोंड बाजूला वळवलं होतं. तळवे घासले, बोटांच्या बेचक्या घासल्या, एका हाताच्या नखांनी दुसऱ्या हाताची नखं कोरली. "घाल पानी," ती म्हणाली. मी घातलं. घमेलं तिच्या गुडघ्याला लागून होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि ओले हात तसेच पुढं धरून ती आत आली.

नंदापुढं बसून तिनं दोन्ही तळहात पसरले. नंदानं एकेक बोट उलटंसुलटं करून पाहिलं, नखं पाहिली, वास घेतला, आणि मग तोंड उघडलं.

आत्यानं दूध-भाकरीचा पहिला घास भरवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "देवाम्होरंबी आसे हात दावले न्हाईत गं मी कदी."